परळ आणि ऐरोली, दोन्हीकडे नोकरी : वीस हजारांत घर कुठे बघावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे, जूनमध्ये मुंबईला येतोय. मी परळच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून रुजू होतेय आणि नवऱ्याची ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये बदली झालीय. मुलगी साडेतीन वर्षांची. सुरुवातीचे काही महिने सासूबाई सोबत असतील. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर जाता येणार नाही.

भाड्याला वीस हजार, फार तर बावीस. मेंटेनन्स त्यातच बसायला हवा. डिपॉझिटसाठी लाखभर रुपये बाजूला काढलेत.

एजंटांना फोन केले तर डोकं चक्रावून गेलं. एक म्हणतो दिव्याला नऊ हजारांत वन बीएचके देतो. दुसरा म्हणतो परळमध्येच चाळीत खोली आहे, 'हेवी डिपॉझिट' आठ लाख भरा, भाडं शून्य. तिसरा पंचवीसच्या खाली बोलायलाच तयार नाही. आम्हाला मुंबई म्हणजे लग्नकार्याला दादरला उतरायचं एवढीच माहीत.

माझी ड्यूटी बहुतेक सकाळी साडेसात ते साडेतीन. महिन्यातला एक आठवडा दुपारी अडीच ते रात्री साडेदहा. नवऱ्याची साडेनऊ ते साडेसहा. अशा वेळी कुठला भाग बघावा? घर बघताना काय विचारावं? सविस्तर सांगा, प्लीज.

ठाणे_लोकल

ताई, भाड्याचे आकडे जरा बाजूला ठेवा आणि आधी रेल्वेचा नकाशा उघडा. परळ मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर. ऐरोली ट्रान्स हार्बरवर, म्हणजे ठाणे-वाशी मार्गावर. या दोन लाइन एकमेकींना ठाण्यातच भेटतात. म्हणून तुमचं घर ठाण्याच्या अलीकडे-पलीकडे हवं: मुलुंड, ठाणे, कळवा. त्याच्या बाहेर गेलात की दोघांपैकी एकाचा रोजचा तास-दीड तास जास्तीचा जाणार. भाड्यात वाचलेले चार-पाच हजार तिथे वसूल होतात आणि मुलीला आईबाप फक्त झोपेच्या वेळी भेटतात.

तुमची सकाळची ड्यूटी ही मोठी जमेची बाजू आहे. सव्वासहा-साडेसहाची गाडी पकडाल तेव्हा आठ-नऊची मरणाची गर्दी सुरू झालेली नसते. परतताना साडेतीन-चारला तेच. शिवाय मार्च २०१९ मध्ये परळ टर्मिनस झालं तेव्हापासून काही लोकल परळहूनच सुटतात. दिवसभर उभं राहून काम केल्यावर रिकाम्या गाडीत खिडकी मिळणं किती मोलाचं असतं ते तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळेल. परळला फास्ट गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे फास्टने आलात तर दादरला उतरून एक स्टेशन स्लो धरावी लागते.

दुपारच्या ड्यूटीचा आठवडा वेगळा. साडेदहाला सुटून स्टेशन गाठेपर्यंत अकरा. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, तेवढा दिलासा आहे. प्रश्न येतो तो गाडीतून उतरल्यावर. रात्री पावणेबाराला शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायला लागेल असं घर घेऊ नका. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं आणि वाटेत उघडी दुकानं, एवढी अट धराच.

फडके_रोड

डोंबिवलीचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? तुमच्या बजेटमध्ये पूर्वेला चांगला वन बीएचके मिळेल. आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात सोळा हजारांत गेला, लिफ्टसकट. पश्चिमेला आणखी कमी.

आणि घर म्हणजे नुसतं भाडं नव्हे ना! साडेतीन वर्षांची मुलगी आहे आणि दोघंही नोकरीला. डोंबिवलीत प्रत्येक गल्लीत पाळणाघर सापडेल. माझ्या शेजारच्या काकू बावीस-तेवीस वर्षं पाळणाघर चालवताहेत. सकाळी सहाला दार उघडतात, कारण त्यांच्याकडच्या निम्म्या आया नर्स नाहीतर बँकेत. मुलांना गरम वरणभात, दुपारची झोप, संध्याकाळी परवचा. पोळी-भाजी केंद्रं स्टेशनच्या वाटेवरच. संध्याकाळी उतरलं की दहा पोळ्या आणि पावशेर भाजी घेऊन माणूस घरी जातो, त्याला कोणी नावं ठेवत नाही. सांगलीहून आलेल्या सासूबाईंना इथे बोलायला माणसं मिळतील.

ठाणे_लोकल

काकू, पाळणाघराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ताईंच्या नवऱ्याचा विचार करा. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला गाडीत शिरायचं, ठाण्याला उतरून पुलावरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं आणि पुन्हा ट्रान्स हार्बरच्या गर्दीत शिरायचं. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं खाली पडली, काहींचे जीव गेले. तो ह्याच पट्ट्यातला प्रवास. मी स्वतः दिवा ते ठाणे हा टप्पा दारात लटकून केलेला माणूस आहे. दुसरा पर्याय असेल तर कुणालाही तो सुचवणार नाही.

फडके_रोड

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या ह्यांनी तीस वर्षं तोच प्रवास केला. गाड्या वाढल्या, पाचवी-सहावी लाइन झाली, पण माणसं त्याहून जास्त वाढली. तरी ताई, कळवा किंवा मुलुंड घेतलंत तर आधी पाळणाघर शोधा आणि मग घर. उलटं करू नका. तुमची ड्यूटी साडेसातची आहे. बहुतेक पाळणाघरं आठ-साडेआठला उघडतात.

लालबागची_सून

मी थोडं वेगळं सांगते. परळ-लालबाग-शिवडी एकदम काट मारू नका. माझं सासर लालबागचं, गिरणीच्या काळातली दहा बाय पंधराची खोली. गिरण्यांच्या संपानंतर आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं खोल्या विकून डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. जे राहिले त्यांनी कधी गाडीचा धक्का खाल्ला नाही, हेही खरं.

तुम्ही परळला राहिलात तर तुम्ही चालत कामावर. रात्री साडेदहाला सुटलात तरी पावणेअकराला घरात. नवरा सकाळी ठाण्याच्या दिशेने, म्हणजे गर्दीच्या उलट. त्या वेळेला सीएसएमटीकडून ठाण्याकडे जाणाऱ्या स्लो गाडीत बसायला मिळतं. परतीलाही उलटाच प्रवास. चाळीत भाड्याची खोली पंधरा-अठरात मिळू शकते. संडास बहुतेक ठिकाणी मजल्यावर कॉमन, मोरी घरात. पाणी पहाटे ठरलेल्या वेळी येतं, तेव्हा उठून पिंप भरायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांना भारतीय पद्धतीचा कॉमन संडास जमेल का, हे तुम्हीच ठरवा. आमच्या सासूबाईंना शेवटी शेवटी फार जड गेलं, म्हणून हे आधीच सांगतेय.

पण 'हेवी डिपॉझिट'पासून लांब राहा. आमच्याच चाळीत एका कुटुंबाने असे सहा लाख अडकवले. मुदत संपल्यावर खोलीवाल्याकडे परत द्यायला पैसेच नव्हते, त्याने ते मुलाच्या लग्नात आणि दुकानात घातले होते. दोन वर्षं भांडण चाललं.

कागदपत्रे

हेवी डिपॉझिटच्या बाबतीत ताईंनी सांगितलं ते मनावर घ्या. त्यात आणखी एक गोम आहे. परळ-लालबागच्या जुन्या इमारतींत खोलीत राहणारा माणूस बऱ्याचदा मालक नसतो, पागडीचा भाडेकरू असतो, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन भाडेहक्क घेतलेला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. त्यामुळे मालकाला भाड्यात काही उरेना आणि खोलीचा खरा व्यवहार पागडीत होऊ लागला. भाडेपावती शंभर-दोनशे रुपयांची आणि खोलीची किंमत लाखांत, हे त्यातून आलं.

आता हा पागडीवाला तुम्हाला खोली देतो तेव्हा त्याच्याकडे इमारतमालकाची लेखी परवानगी आहे का, हे बघा. नसेल तर तो पोटभाडेकरू ठेवतोय, आणि तेवढ्यावर मालक त्याच्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतो. तो बाहेर गेला की तुम्हीही बाहेर, आठ लाख मात्र त्याच्याकडे. अशी खोली घ्यायचीच असेल तर साधं मासिक भाडं आणि दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, तेही बँकेतून. सगळी रक्कम नोंदणीकृत करारात लिहिलेली हवी. रोख आणि हातपावती नको.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हेवी डिपॉझिट रद्द. चाळीच्या खोलीचा विचार आम्ही खरंच केला, पण सासूबाईंना जमणार नाही. मुलुंड-ठाणे-कळवा बघतोय. नवी मुंबईत ऐरोलीच्या आसपास राहून मी परळला जाणं कितपत शक्य आहे?

माथाडीचा_मुलगा

शक्य आहे. मी कोपरखैरणेचा. आमचं मूळ गाव शिराळा तालुक्यात, म्हणजे आपण एकाच जिल्ह्याचे. वडील माथाडी कामगार. मसजिद बंदरचा घाऊक बाजार वाशीला हलला तशी सातारा-सांगलीकडची हजारो कुटुंबं इकडे आली. घणसोली, कोपरखैरणेत आजही यात्रेच्या दिवसांत अर्ध्या इमारती रिकाम्या होतात. गावची भाकरी, गावची भाषा, सगळं आहे. वहिनींना परकं वाटणार नाही.

परळला दोन वाटा. एक ठाण्यावरून. दुसरी सानपाडा किंवा वाशीला गाडी बदलून हार्बरने शिवडी, तिथून बस किंवा शेअर टॅक्सी. दोन्हीकडे बदलाबदली आहे. एखादा कनेक्शन चुकला तर सव्वा तासाचा पावणेदोन तास होतो, आणि सकाळी साडेसातच्या ड्यूटीला हे झेपायचं नाही. घर भाऊंच्या ऑफिसच्या दाराशी आणि वहिनींची रोज फरफट, असं होईल. म्हणून मी स्वतः आग्रह करणार नाही.

तरी इकडे बघायचंच ठरवलंत तर एक ओळखून ठेवा. सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, सेक्टरमधली घरं वेगळी आणि गावठाणातल्या इमारती वेगळ्या. गावठाणात चार-पाच हजारांनी स्वस्त मिळतं, कारण बऱ्याच इमारतींना भोगवटा प्रमाणपत्रच, म्हणजे राहायला वापरण्याची परवानगीच, नाही. दोन इमारतींमधून हात घालता येणार नाही इतकी जागा, आग लागली तर बंब आत येणार नाही. लहान मूल घेऊन तिथे नको.

एक_वाचक_पनवेल

भाड्यात पैसे घालण्यापेक्षा बदलापूर-वांगणीला स्वतःचं घर का घेत नाही? तेवढाच हप्ता बसेल.

कागदपत्रे

शहर माहीत नसताना पहिल्याच वर्षी घर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, वांगणी त्याच्याही पुढे. स्वस्त आहे त्याला कारणं आहेत. आणि या पट्ट्यात कागद तपासायलाही शिकावं लागतं. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेची खोटी परवानगी दाखवून महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती. हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती. नालासोपाऱ्यात ४१ इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २०१३ मध्ये शिळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळली, त्यात ७४ माणसं गेली. महारेराचा नंबर आहे म्हणजे झालं, असं मानू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात परवानगी खरी आहे का, ते विचारायचं.

स्वतःच्या घरासाठी म्हाडाच्या लॉटरीवर लक्ष ठेवा. मुंबई महानगरात पती-पत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम. ठाणे-कल्याण-विरार भागातली घरं कोकण मंडळाच्या सोडतीत येतात. डोमिसाइल आणि उत्पन्नाची कागदपत्रं आतापासून काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ होते.

सह्याद्री८२

मी दिव्यात राहतो. दिव्याचं नाव निघालं की लोक लगेच नको म्हणतात, म्हणून लिहितोय. इथे माझ्यासारखी कोकणातली हजारो माणसं आहेत, ज्यांना दुसरीकडे भाडं परवडलंच नसतं. दिव्यावरून सावंतवाडीची गाडी मिळते, शेजारी गावचा असतो, गणपतीत अख्खी गल्ली एका कुटुंबासारखी वागते. ज्याचं काम ठाण्यात किंवा डोंबिवलीत आहे त्याला दिवा परवडतो आणि जमतोही.

पण नऊ हजारांच्या घराचा खरा हिशोब मांडून देतो. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्यातून काही दिवसच. बाकी टँकर, त्याची वर्गणी घरटी सातशे ते हजार. पिण्यासाठी बाटला वेगळा. पावसाळ्यात पूर्वेच्या सखल गल्ल्यांत पाणी भरतं, तेव्हा तळमजल्याचे लोक सामान खाटेवर चढवतात. पाडकामाच्या नोटिसा अधूनमधून लागतात. ताई, तुम्हाला परळला साडेसातला पोचायचंय आणि मूल लहान आहे. तुम्ही येऊ नका, असं मी दिवेकर असूनच सांगतोय.

मुलुंडकरीण

मुलुंड पूर्वेला बघा. नवरा ऐरोली पुलावरून बसने किंवा दुचाकीने जाईल, त्याला ठाणे स्टेशनचं तोंडही बघायला नको. तुम्हाला परळपर्यंत थेट स्लो, साधारण चाळीस मिनिटं. वन बीएचके पंचवीसच्या खाली मिळणं कठीण. म्हाडा कॉलनीत आणि गव्हाणपाड्याकडे वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) वीस-बावीसपर्यंत मिळतात. चार माणसांचा वावर एका खोलीत होईल का, ते बघा. सासूबाई कायमच्या येणार नसतील तर जमवता येईल.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. मासे-मटण चालतं का. माझ्या बहिणीला एका सोसायटीत सगळं ठरल्यावर, टोकनसुद्धा दिल्यावर, 'नॉनव्हेज करणार असाल तर नको' असं सांगितलं गेलं. टोकन परत मिळवायला तिला चार चकरा माराव्या लागल्या. स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या पैशाने राहायचं आणि बोंबील तळायची परवानगी मागायची, याचा मला अजून संताप येतो. फोनवरच विचारा. जिथे आढेवेढे घेतील तिथे जाऊच नका.

रेवा_कु

घर बघताना काय विचारायचं, त्यावर लिहिते. बारा वर्षांत पाच घरं बदललीत.

पाणी किती वेळ येतं हे एजंटला आणि मालकाला विचारूच नका, दोघंही चोवीस तास सांगतात. वॉचमनला विचारा. त्याहून चांगलं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बाईंना. त्यांच्या बाथरूममध्ये झाकणाची मोठी पिंपं भरून ठेवलेली दिसली की उत्तर मिळालं.

तुम्ही मे महिन्यात घर बघाल, तेव्हा सगळंच कोरडं असेल. तरी गळती ओळखता येते. दार उघडल्यावर लगेच हॉलकडे बघू नका, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीकडे जा, विशेषतः पश्चिमेच्या. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे आलेत का? नवा रंग एकाच भिंतीला दिलाय का? कपाट भिंतीला चिकटून असेल तर सरकवायला सांगा. एका घरात आम्हाला असंच कपाटामागे काळं बुरशीचं वर्तुळ सापडलं, परातीएवढं. मालक म्हणाले 'साबणाचा डाग आहे'. लहान मूल आणि वयस्कर माणूस घरात असताना ओल म्हणजे चार महिने खोकला. वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली आपलं स्वयंपाकघर येतंय का, तिथलं छतही बघा.

घर दोनदा बघा. एकदा दुपारी, एकदा रात्री दहानंतर. कृष्णाकाठ ताई, तुम्ही तर रात्री अकराला स्टेशनवरून त्या घरापर्यंत एकदा चालून बघाच, नवऱ्याला सोबत घेऊन.

ठाणे_लोकल

रेवाताईंना अनुमोदन. सकाळचं पण बघा. घर पसंत पडलं की दुसऱ्या दिवशी सव्वासहाला त्याच स्टेशनवरून परळपर्यंत जाऊन या. नवऱ्याने साडेआठला ऐरोली करून बघावं. वेळापत्रकावरून काही कळत नाही.

कृष्णाकाठ

सुट्टी काढून आम्ही दोघं येऊन गेलो, मावसबहिणीकडे मुलुंडला राहिलो. इथे लिहिलेल्या एकेका गोष्टीचा उपयोग झाला.

दोन घरांवर आलोय. मुलुंड पूर्वेला वन आरके, एकवीस हजार, दुसरा मजला, लिफ्ट नाही. कळवा पश्चिमेला मनीषानगरात वन बीएचके, एकोणीस हजार, चौथा मजला, लिफ्ट आहे, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. रात्री चालून पाहिलं, मेडिकल आणि वडापावच्या गाड्या अकरानंतरही चालू होत्या. कळव्याहून परळला स्लोने पन्नास मिनिटं लागली, मला मुलुंडला बसायला मिळालं. हे ठाण्याला एक स्टेशन जाऊन मग ट्रान्स हार्बरने गेले, दिघा गाव आणि पुढचं ऐरोली. गर्दी होती, पण उभं राहायचं फक्त दोन स्टेशन. पाणी सकाळ-संध्याकाळ येतं, वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. बेडरूमच्या भिंतीला थोडे पोपडे दिसले. मालक जूनआधी बाहेरून वॉटरप्रूफिंग करून देतो म्हणताहेत.

मन कळव्याकडे आहे. पाळणाघर त्याच रस्त्यावर मिळालं. त्या मावशी पावणेसातला मुलीला घ्यायला तयार आहेत, त्यामुळे मी निघून गेल्यावर हे तिला सोडून ऑफिसला जातील.

अडचण अशी की एजंट म्हणतोय अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्ट्रेशनची गरज नाही, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो. शिवाय एक महिन्याची दलाली. डिपॉझिट ऐंशी हजार. हे बरोबर आहे का?

कागदपत्रे

नोटरीचा करार अजिबात नको. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी सक्तीचीच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने तसं नसल्याचं सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला नीट सांगितलंत तर तोच नोंदणी करा म्हणेल. अकरा महिन्यांत नोंदणी लागत नाही ही समजूत इतर राज्यांतून आलीय.

खर्च फार नाही. एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्के व्याज धरून त्यावर, ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. तुमच्या बाबतीत अकरा महिन्यांचं भाडं २,०९,००० आणि ऐंशी हजारांवरचं व्याज सात हजारांच्या वर थोडं. म्हणजे शुल्क साडेपाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. घरी येऊन करून देणारे त्यांचा आकार वेगळा घेतात, तो आधी ठरवा.

करारात या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. डिपॉझिट घर सोडल्याच्या दिवशी परत, 'नंतर बघू' नको. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, तीन महिन्यांपेक्षा जास्त नको आणि दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. वॉटरप्रूफिंग ताबा द्यायच्या आधी मालकाच्या खर्चाने होईल, तारखेसकट. सोसायटीचा मेंटेनन्स आणि नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) मालक भरेल. हे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत. सोसायटीने तुमच्याकडून मागितले तर मालकाकडे बोट दाखवा.

आणखी एक. भाडं वर्षाला लाखाच्या वर जातंय, म्हणून ऑफिसला घरभाड्याची सवलत दाखवायला मालकाचा पॅन लागेल, आत्ताच घ्या. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते.

मुलुंडकरीण

दलालीवर थोडी घासाघीस करा. एक महिना हा रिवाज आहे, कायदा नाही. आमच्याकडे पंधरा दिवसांच्या भाड्यात तुटलेलं पाहिलंय. आणि आताच स्पष्ट करून घ्या की अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा दलाली देणार नाही. मालकाचा नंबर थेट तुमच्याकडे हवा.

घर जाईल म्हणून घाबरवत असतील तर घाबरू नका. मे अखेर शाळांमुळे घरं भराभर जातात हे खरं, पण ओल न काढता घेतलेलं घर पावसाळाभर छळेल.

माथाडीचा_मुलगा

वहिनी, कळवा चांगलं आहे. फक्त भाऊ पावसाळ्यात रस्त्याने ऐरोलीला जाणार असतील तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं, तिथे तासभर अडकायला होतं. मुसळधार असेल त्या दिवशी रेल्वेनेच जा. आणि पुढेमागे घर बदलायची वेळ आली तर कळव्यात पश्चिमेलाच राहा. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांत पावसात दरडीची भीती असते.

कृष्णाकाठ

कळव्याचं नक्की केलं. मालक नोंदणीला तयार झाले, उलट म्हणाले मलाही तेच हवं होतं. दलाली अर्धी झाली. वॉटरप्रूफिंगची तारीख करारात घातली. लॉक-इन तीन महिने. अंगठे परवा देतोय, सामान पुढच्या आठवड्यात टेम्पोने येईल. तुमच्यामुळे घर मिळालं, असं सासूबाईंनीच लिहायला सांगितलंय. आता काही राहिलंय का?

कागदपत्रे

अभिनंदन! थोडं राहिलंय. नोंदणी झाली की भाडेकरूची माहिती पोलिसांकडे जायला हवी. ते काम मालकाचं, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर होतं, त्याची पोच मागून घ्या. कराराची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला द्या. विजेचं आधीचं बिल भरलेलं आहे का ते ग्राहक क्रमांक टाकून बघा, थकबाकी असली तर ताबा घेण्याआधी मालकाला भरायला लावा. गॅसच्या बिलाचंही तेच.

रेवा_कु

चावी हातात आली की सामान आत घ्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. मीटरचं रीडिंग, नळ, गीझर, खिडक्यांच्या काचा, फरशीवरचे तडे, ती पोपड्यांची भिंत. त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा म्हणजे तारीख राहते. डिपॉझिट परत घेताना हाच व्हिडिओ कामाला येतो. आणि ती भिंत जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर परत बघा. ओल दिसली तर फोटो काढून लगेच कळवा, गणपतीपर्यंत थांबू नका.